वामनराव काकांच्या शंका

नागपुरात, इंदोऱ्यातल्या एका लग्नात, बुफेच्या रांगेत, प्रशिक रामटेके प्लेट घेऊन उभा होता. मागच्या पोराने त्याला अदबीने विचारलं, "सर, तुम्ही दीक्षा मॅडमचे मिस्टर ना?"

पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं होतं. "मॅडममुळे माझा प्रोजेक्ट झाला, सर. ते डेटाबेसची टेबलं बदलायचं मायग्रेशन मले समजतच नव्हतं. मॅडमचा व्हिडिओ पाहिला आन् डोक्यात बसलं." प्रशिक हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. वरणभात वाढून घेऊन तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. समोर बायकांच्या घोळक्यात दीक्षा हसत उभी होती. तिने आपली मोटारसायकल न विचारता विकून टाकली असावी, तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

आता यात जळण्यासारखं काय होतं? बायकोचं नाव झालं तर नवऱ्याने कॉलर ताठ करावी. पण प्रशिकची तक्रार अशी, की हे सगळं दीक्षाला शिकवलं कोणी? त्याने. सदरमधल्या एका छोट्या कंपनीत तो कित्येक वर्षं वेबसाइटी बनवत होता. जँगो नावाची पायथॉनमधली एक तयार चौकट असते, तिच्यावर साइट उभी करतात. त्या जँगोतलं आपल्याइतकं नागपुरात कोणाला कळत नाही असं त्याचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दीक्षा ज्युनिअर कॉलेजात कंत्राटावर फिजिक्स शिकवायची. लग्नानंतर तिला हौस आली म्हणून त्याने जेवणाच्या टेबलावर बसून तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर ती अडली की "सरक, मी करतो" म्हणून लॅपटॉप ओढून घेतला आणि करून दिलं. तरी ती शिकली, हे तिचं कर्तृत्व. प्रशिक ते आपलं समजत होता.

पुढे दीक्षाने व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. साइट कशी बनवायची हे सांगणारे हजार जण आहेत. ती सांगायची माणूस अडतो कुठे. फॉर्म भरून बटण दाबलं की साइट मनाई का करते, सर्वरवर गेल्यावर फोटो कुठे गायब होतात, टेबलात नवा रकाना घातला की सगळं का कोसळतं. बोलणं घरच्यासारखं, मागे कुकरची शिट्टी. त्यातून टेलिग्रामवर एक ग्रुप झाला, त्याचं नाव 'अडलं का?'. तिथे तिचा एकच कायदा होता. कॉम्प्युटरने दाखवलेला एरर अख्खा टाकायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. फोटो नको, अर्धवट नको. डॉक्टरकडे जाताना पोट घरी ठेवून जाता का, असं ती विचारायची, आणि पोरं हसत हसत कायदा पाळायची.

प्रशिक त्या ग्रुपात होता, पण बोलत नसे. तो तिची चूक सापडायची वाट बघत बसे. ती सापडत नव्हती, हेच त्याचं दुखणं. एखाद्या उत्तराखाली पोरांनी बदामांची रांग लावली की त्याला वाटे, हे मीच तर हिला सांगितलं होतं, मग बदाम हिला का?

शेवटी त्याने वामनरावांना जन्माला घातलं.

वामनराव रेवतकर, राहणार नरखेड तालुक्यातलं एक गाव, वय सत्तरीच्या घरात, संत्र्याची बाग, पोरगा पुण्यात. पोराने टाकून दिलेला लॅपटॉप हाती लागला आणि म्हाताऱ्याने मनावर घेतलं, की आपली संत्री विकायला आपणच साइट बनवायची. फोटोच्या जागी संत्र्याचं झाड. हा सगळा संसार प्रशिकने ऑफिसात पडून असलेल्या एका जुन्या सिमवर, डबा खाता खाता मांडला. डाव सोपा होता. ज्याला काही म्हणजे काहीच येत नाही अशा माणसाला समजावताना भलेभले घसरतात. दीक्षा एकदा तरी चिडेल, चुकेल, हे तुमच्या आवाक्यातलं नाही म्हणेल. मग पुढे काय करायचं, ते मात्र त्याने ठरवलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाला एवढ्या पुढचं दिसत नाही.

वामनरावांची पहिली शंका अशी होती: "मॅडम, नमस्कार. माही साइट घरी मस्त दिसे. सर्वरवर टाकली तं तिचे सारे कपडे उतरले. ना रंग, ना फोटो, नुसते अक्षरं. मले लाज वाटून राहिली."

दीक्षाचं उत्तर आलं: "नमस्कार काका. लाजू नका, हे सगळ्यांचं होतं. घरी असताना जँगो स्वतः साइटला कपडे घालून देतो, कारण तिथे डीबग, म्हणजे चुका शोधायची सोय, सुरू असते. सर्वरवर डीबग बंद केलं की तो म्हणतो, आता तुमचं तुम्ही बघा. म्हणून आधी सगळे कपडे एका पेटीत गोळा करायचे, त्या आज्ञेला कलेक्टस्टॅटिक म्हणतात. मग सर्वरला त्या पेटीचा पत्ता द्यायचा. दोन्ही कसं करायचं ते खाली लिहिलं आहे. सावकाश करा. आणि काका, इथपर्यंत तुम्ही एकटे आलात? कमाल आहे तुमची."

उत्तर बिनचूक होतं. खोट काढायला म्हणून प्रशिक ते पुन्हा पुन्हा वाचत होता, आणि दर वेळी शेवटच्या वाक्यावर येऊन थांबत होता. कमाल आहे तुमची, असं दीक्षा त्याला शेवटचं कधी म्हणाली होती? त्याला गोड वाटलं. मग लक्षात आलं की ती हे त्याला म्हणालेली नाही, एका म्हाताऱ्याला म्हणाली आहे.

तिथून पुढे वामनराव रोज अडू लागले. फॉर्मवर मनाई आली तेव्हा त्यांनी लिहिलं, "माह्याच साइटवर मले चोर समजते का हे?" दीक्षाने समजावलं, की फॉर्मसोबत एक गुप्त खूण पाठवावी लागते, ती ओळ तुम्ही लिहायची विसरलात. खूण दिसली नाही तर जँगो दार उघडत नाही, आणि ते तुमच्या भल्याचंच आहे. सकाळी टाकलेला संत्र्याचा भाव साइट पहाटेचा दाखवते म्हणून वामनराव रुसले. तिने सांगितलं, काका, तुमची साइट अजून लंडनच्या घड्याळावर चालते आहे, सेटिंगमध्ये तिला आपल्याकडे आणा. बागांची यादी उघडायला फार वेळ लागतो म्हणाले, तेव्हा तिने लिहिलं: "तुमची साइट वांग्यांसाठी बाजारात जाते, घरी येते, मग मिरचीसाठी पुन्हा जाते. प्रत्येक बागेच्या मालकाचं नाव आणायला ती डेटाबेसकडे वेगळी चक्कर मारते. तिला एकदाच पिशवी देऊन पाठवा." खाली ती पिशवीची एक ओळ लिहिलेली.

हे उदाहरण प्रशिकने आयुष्यात कधी दिलं नव्हतं. ऑफिसात हे समजावताना तो फळ्यावर बाण काढायचा, आणि पोरं माना डोलवून बाहेर चहा प्यायला जायची. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात वांगी-मिरची सांगून पाहिली. पोरांना चटकन समजलं. त्या दिवशी तो घरी आला तो फार वाईट तोंडाने.

घरी तर वामनराव जेवायलाच बसलेले असायचे. पोळ्या लाटता लाटता दीक्षा फोन बघून हसायची. प्रशिकची आई इंदूबाई एकदा म्हणाली, "कोण हाय वं हा वामनराव? येता-जाता त्याचंच नाव."

"एक काका आहेत आई, नरखेडकडचे. काहीच येत नव्हतं त्याईले. आता स्वतः कोड लिहून राहिले."

"दुसऱ्याकडून करून घेत असन," प्रशिक ताटात बघत म्हणाला. "असे लई पाहिले मी."

दीक्षाचं लाटणं थांबलं. "तुले काय माहीत? करून घेतलं असतं तर असे प्रश्न पडले असते का? प्रश्नावरूनच समजते की माणूस स्वतः डोकं लावून राहिला. पूर्ण ग्रुपात मले तेवढा एकच विद्यार्थी मनापासून आवडते."

आपल्या प्रश्नांचं कौतुक झालं म्हणून फुगावं, की आपल्याला सोडून त्या म्हाताऱ्याची बाजू घेतली म्हणून चिडावं, हे प्रशिकला कळेना. त्याने दोन्ही केलं, आणि नको असताना भाजी वाढून घेतली.

हळूहळू वामनरावांना बायको मिळाली, पुष्पलता काकू. म्हातारपणी हे काय खूळ, असं त्या म्हणायच्या म्हणे. दीक्षा काकूंची विचारपूस करू लागली, त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल सुचवू लागली. मुख्य म्हणजे वामनराव माणूसच चांगला निघाला. उत्तर मिळालं की तो आधी आभार मानायचा. समजलं नाही तर समजलं नाही म्हणायचा. दीक्षाचा एखादा व्हिडिओ आवडला की तोंडभरून बोलायचा. हे सगळं टाइप करताना प्रशिकचा अंगठा झरझर चालायचा, आणि घरी तेच तोंडाने म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. बरं, जे चांगलं निघायचं त्याचं श्रेय वामनराव घेऊन जायचे. आपल्याच अंगठ्याचा आपल्याला हेवा वाटावा, अशी वेळ याच्यावर आली होती.

एकदा त्याने म्हाताऱ्याचं नाव खराब करायचं ठरवलं. मॅडम, तुमचं कालचं उत्तर चुकलं, असं त्याने फटकन लिहून टाकलं. आता दीक्षाला राग येईल आणि काकांचं भूत उतरेल, असा हिशेब. दीक्षाने तपासून पाहिलं आणि सगळ्या ग्रुपसमोर लिहिलं: "काकांनी बरोबर पकडलं. नव्या आवृत्तीत ते बदललं आहे, मी जुनंच सांगितलं. काका, चुका अशाच दाखवत जा." खाली बदामांची रांग, सगळी वामनरावांना. इतके महिने तो ज्या चुकीची वाट बघत होता, ती एकुलती एक चूक सापडली आणि तीही दुसऱ्याच्या नावावर गेली.

मग त्याच्या मनात आलं, की हिला सरळ विचारूनच बघावं. ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेता घेता त्याने, ग्रुपात न टाकता, तिला एकटीलाच लिहिलं, "मॅडम, तुमी हे सारं कोनाकडून शिकल्या?"

"माझ्या नवऱ्याकडून. त्याला खूप येतं काका."

प्रशिकचा ऊर भरून आला. इथे तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण हावरट माणसाला एका घासाने भागत नाही. त्याने लिहिलं, "मंग आमाले शिकवाले ते काहून नाही येत?"

ती लिहीत असल्याची खूण दिसू लागली, बंद झाली, पुन्हा दिसू लागली. मग उत्तर आलं. "त्याला विचारायची भीती वाटते काका. तो रागावत नाही. पण काही विचारलं की आधी एक उसासा टाकतो. तो ऐकला की मला माझा प्रश्नच मूर्खासारखा वाटायला लागतो. म्हणून मी विचारणं सोडून दिलं."

प्रशिकने फोन खिशात टाकला आणि चहा तसाच ठेवून वर गेला. उसासा? आपण कधी उसासा टाकतो? दिवसभर तो स्वतःचा श्वास ऐकत बसला, आणि एका नव्या पोराने काहीतरी विचारलं तेव्हा त्याला स्वतःचा उसासा ऐकू आला. संध्याकाळी दीक्षाने त्याला गॅसवाल्याचा नंबर विचारला. त्याने श्वास रोखून धरला आणि अगदी गोड आवाजात, एकेक आकडा सुटा करून सांगितला. दीक्षाने त्याच्याकडे वळून पाहिलं. "बरं वाटून नाही राहिलं का तुले?" ती म्हणाली.

पुढे तिने क्लासचं काढलं. महाल भागात एका दुकानाच्या वरची खोली तिच्या सत्यवती नावाच्या मैत्रिणीच्या ओळखीने मिळत होती. ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही अशांना तिला शिकवायचं होतं. घरी बसणाऱ्या बाया, दुकानदार, शेतकरी. त्यासाठी कॉलेजची नोकरी सोडावी लागणार होती. ही एवढी मोठी गोष्ट, पण प्रशिकला तिने अक्षरानेही सांगितली नाही. वामनरावांना सांगितली.

"काका, एक विचारू? इंजिनिअरिंगची पोरं माझ्याशिवायही शिकली असती. तुम्ही शिकला नसतात. मला खरंच शिकवता येतं, याचा माझ्याकडे तुमच्याशिवाय दुसरा पुरावा नाही. सोडू का नोकरी?"

प्रशिक ऑफिसच्या जिन्यात उभा राहून हे वाचत होता. बायको नोकरी सोडायचं विचारते, आणि कोणाला, तर नरखेडच्या एका म्हाताऱ्याला, ज्याला आपण डबा खाता खाता पैदा केलं. प्रशिकला विचारलं असतं तर त्याने उसासा टाकून नको म्हटलं असतं. पण विचारलं होतं वामनरावांना, आणि वामनराव असं कधी म्हणाले नसते. अंगठ्याने लिहिलं, "सोडा मॅडम. मले शिकवलं तं कोनालेही शिकवसान."

"हेच कोणीतरी म्हणावं, असं फार वाटत होतं काका."

त्या 'कोणीतरी'त आपण होतो आणि म्हाताऱ्याने आपली जागा मारली, एवढंच प्रशिकला दिसलं. दीक्षा आपल्या भरवशावर नाही, तर आपल्या थापेच्या भरवशावर पोटापाण्याची नोकरी सोडते आहे, हे दिसायला त्याला दोन-तीन दिवस लागले. तोवर तिने राजीनामा दिला होता आणि घरी जेवताना तसं सांगून टाकलं होतं. "आन् पहिल्या दिवशी काका येऊन आपली साइट दाखवतीन सगळ्याईले," ती इंदूबाईंना म्हणाली. प्रशिकला ठसका लागला.

आता म्हाताऱ्याला कुठेतरी पाठवणं भाग होतं. डोळ्यांचं ऑपरेशन, पोराकडे पुण्याला मुक्काम, लॅपटॉपला डॉक्टरांची बंदी. असा निरोप प्रशिकने लिहून ठेवला. पण पाठवायचं तो पुढे ढकलत राहिला. काका गेले की रोज दुपारी येणारं "काका, जेवलात का?" बंद झालं असतं. घरात त्याला हे कोणी विचारत नव्हतं, कारण घरात तो समोरच जेवत असायचा.

तशात ऑफिसात त्याच्यावर खरंच संकट आलं. संत्रा उत्पादकांच्या एका कंपनीची साइट तो बनवत होता, वामनरावांच्या बऱ्याच शंका तिथूनच उचललेल्या. शेकडो शेतकऱ्यांच्या नोंदी आत आल्या होत्या. ऑफिसचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, ऐनवेळी म्हणाले, "शेतकरी मोबाइल नंबर टाकूनच आत आला पाहिजे. ते युजरनेम कोणाच्या ध्यानात राहते? सोमवारी दाखवायचं आहे."

यासाठी साइट वापरणाऱ्यांचा साचा बदलावा लागतो. जँगोत एक साचा तयार मिळतो, पण आपला वेगळा हवा असेल तर तो पहिल्याच दिवशी, काहीही सुरू करायच्या आधी ठरवायचा. मागून बदलाल तर रडाल, असं प्रशिक प्रत्येक नव्या पोराला बजावायचा. आणि या साइटला त्याने स्वतः घाईघाईत तयार साचाच ठेवला होता. आता बदलायला गेला, तर जँगोने एक लांबलचक एरर फेकला. मतलब एवढाच, की नवा साचा आत्ता आला आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या गोष्टी आधीच होऊन बसल्या आहेत, हा इतिहास जुळत नाही. प्रशिकने इंटरनेट पालथं घातलं, चॅटबॉटला विचारलं. जो तो म्हणे, डेटाबेस पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. शेतकऱ्यांच्या नोंदी कशा पुसणार?

रविवारी सकाळी तो बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. दीक्षा स्वयंपाकघरात होती. मध्ये एक भिंत. उठून जायचं आणि म्हणायचं, दीक्षा, मी अडलो. तो उठलाही, दारापर्यंत गेला आणि परत आला. ज्या पोरीला आपण टेबलावर शिकवलं तिच्यापुढे हे तोंड घेऊन कसं जायचं? आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. त्याला ती काकांशी बोलते तसं बोललेलं हवं होतं.

त्याने जुनं सिम असलेला फोन काढला आणि तिला एकटीलाच लिहिलं. "मॅडम, लई मोठा अडलो. युजरचा साचा मागून बदलवला, आता मायग्रेशन होऊन नाही राहिलं. आत लोकायच्या नोंदी हायेत, पुसता येत नाही." आणि खाली कायद्याप्रमाणे अख्खा एरर. स्वयंपाकघरात तिचा फोन वाजल्याचं त्याला ऐकू आलं. त्यानंतर नळ बंद झाला. भांड्यांचा आवाजही थांबला.

उत्तर यायला बराच वेळ लागला. "वामनराव काका, आधी डेटाबेसची एक प्रत काढून बाजूला ठेवा. नवा साचा अगदी जुन्यासारखाच लिहा आणि त्याला जुन्याच टेबलावर बसवा, म्हणजे नोंदी जागच्या हलणार नाहीत. मग मायग्रेशनचा जुना इतिहास काढून नव्याने लिहायचा, आणि जँगोला सांगायचं की हे सगळं झालेलंच आहे, तू काही करू नको, फक्त नोंद घे. इतिहास जुळला की मगच मोबाइलचा रकाना घाला. दोन्ही एकदम करू नका." खाली पायऱ्या लिहिलेल्या. पुष्पलता काकूंची चौकशी नव्हती.

प्रशिक एकेक पायरी करत गेला. मध्ये अडला, तेव्हा त्याने लिहिलं, "समजलं नाही." तिने पुन्हा समजावलं. शेवटी जँगोने मुकाट्याने सगळं मान्य केलं, नोंदी जशाच्या तशा, मोबाइलचा रकानाही बसला. प्रशिकला इतका आनंद झाला, की कित्येक वर्षांत कामात झाला नव्हता. आभार मानावेत म्हणून त्याने फोन घेतला, आणि आपलाच निरोप त्याच्या नजरेला पडला.

पायथॉनचा एरर आला की तो कोणत्या फाइलीत घडला याचा पत्ता छापतो, आणि त्या पत्त्यात लॅपटॉपच्या मालकाचं नाव असतं. आजवर वामनरावांसाठी एरर बनवताना प्रशिक ते नाव काळजीपूर्वक बदलायचा. आजचा एरर बनवलेला नव्हता, खरा होता, आणि खऱ्या धांदलीत बदलायचं सुचलंच नाही. वरपासून खालपर्यंत जवळजवळ प्रत्येक पत्त्यात लिहिलं होतं, प्रशिक.

तो स्वयंपाकघरात गेला. दीक्षा खाली बसून मेथी निवडत होती.

"झालं का मायग्रेशन?" तिने मान वर न करता विचारलं.

"झालं."

"नोंदी?"

"सगळ्या आहेत." तो दारातच उभा राहिला. "तुले माहीत होतं?"

"आज समजलं. वरच्याच ओळीत."

"मंग उत्तर काहून दिलं?"

"नीट विचारलं होतं म्हणून." तिने एक जुडी संपवली आणि दुसरी सोडली. "एक सांग. पहिल्या दिवशी ते कपड्याचं विचारलं होतं. ते तुले येत होतं?"

"हो."

"आन् ते वांगी-मिरचीचं?"

"ते बी."

तिने मान हलवली, वर्गात पोराने चुकीचं उत्तर दिल्यावर हलवतात तशी. "म्हणजे मी कोणालेच शिकवलं नाही."

"असं नको ना म्हणू. आजचं मले खरंच येत नव्हतं. तुझ्यामुळे आलं. आज मी शिकलो तुझ्याकडून."

"तू कुठं विचारलं मले? काकाने विचारलं." आता तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू आला असता तर मी सांगितलं नसतं. मले वाटलं असतं, परीक्षा घेऊन राहिला."

"मी क्लासले येतो," प्रशिक म्हणाला. "मी सांगतो लोकाईले, की मी शिकलो."

"तुले पाहून कोण हिंमत करन? तुले तर सगळंच येते." ती मेथीची पानं खुडत राहिली. "मी बायाईले सांगून बसली आहे, की एक सत्तरीचा माणूस शिकला, तुम्ही बी शिकसान. काकाच म्हणाले ना मले, सोडा म्हणून." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं तिने विचारलं, "आन् काकू? काकू बी नाही ना?"

"नाही."

तेव्हा तिला रडू आलं. मेथीचे हात तसेच अधांतरी धरून ती वामनरावांसाठी आणि पुष्पलता काकूंसाठी रडली, घरातली जवळची माणसं गेल्यावर रडतात तशी. प्रशिकने तिच्याजवळ बसायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण तो उभाच राहिला, कारण इतकं सगळं होऊनही त्याच्या मनात आधी आलं ते हेच, की लग्नाला इतकी वर्षं झाली, आपल्यासाठी ही अशी कधी रडली नाही.